छायाचित्राचे मोर्तब

आमच्या माजघराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या वरच्या अंगास, एक काळवंडलेली लाकडी चौकट कित्येक वर्षांपासून टांगलेली आहे. चौकटीत आमच्या आजोबा-आजींचे छायाचित्र आहे. १९५७ साली दत्तजयंतीच्या जत्रेत, हुमनाबादजवळच्या माणिकनगरी, एका फिरत्या छायाचित्रकाराने ते काढले. आजोबा खुर्चीत बसलेले, डोईस रुमाल, हातात काठी; आजी त्यांच्या शेजारी उभी, इरकली लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेला. दोघांच्या मागे रंगविलेला पडदा आणि पडद्यावर संगमरवरी जिना, कारंजे व दूरवर एक तळे. तळ्यात दोन हंस. आजोबांनी उभ्या आयुष्यात असा जिना चढला नाही, आणि आमच्या औराद तालुक्यात कोणी हंस पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आजीचे हे एकुलते एक छायाचित्र. ती १९६९ साली निवर्तली, आणि आमचा जन्म त्यानंतरचा. त्यामुळे आजी म्हणजे ही चौकट, एवढीच आमची तिची ओळख.

गेल्या वर्षी आमच्या पुण्याच्या पुतण्याने नवे घर घेतले. वास्तुशांतीस सर्व मंडळी जमावयाची होती. पुतण्या हौशी व गुणी. त्याने या जुन्या छायाचित्राचा मोबाइलवर फोटो काढून घेतला होता. तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका ॲपमधून दुरुस्त करवून, रंग भरून, दोन फूट उंचीची प्रत त्याने नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर लावली. काम खरोखर देखणे होते. बुरशीचे डाग नाहीसे झाले होते, दुमडीची रेघ मिटली होती, आजोबांच्या डोळ्यांत तेज आले होते. आजीचा चेहरा तर असा तुकतुकीत, की नुकतीच माहेराहून आली असावी. मंडळी वाखाणीत होती, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही त्यांतच होतो.

आमच्या आत्याबाई आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. आजीच्या लेकरांपैकी त्याच एक मागे राहिल्या आहेत. फोटोला हार घालण्याचा मान त्यांचा, म्हणून त्यांना हात धरून पुढे आणले. त्यांनी चष्मा वर-खाली केला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ही कोण रे?"

कोणीतरी हसले. वय झाले की असे व्हायचेच, असा तो हसू होता. आत्याबाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बाळा, ही माझी माय नव्हं. मायच्या तोंडावर देवीचे वण होते."

हार त्यांच्या हातातच राहिला.

घरी परतल्यावर आम्ही जुनी चौकट भिंतीवरून उतरविली आणि भिंग घेऊन पाहिली. आजीच्या दोन्ही गालांवर देवीचे वण स्पष्ट आहेत. डाव्या भुवईच्या टोकाशी एक खोल वण असून तेथे केस उगवलेले नाहीत. पन्नास वर्षे आम्ही त्या चौकटीखालून ये-जा केली, पण ते कागदाचे डाग समजत होतो. यंत्रानेही नेमके तेच समजले. बुरशीचा ठिपका आणि देवीचा वण यांत त्याला भेद करता आला नाही. दोन्ही त्याने सारख्याच मायेने पुसून टाकले. लुगड्याला त्याने हिरवा रंग दिला होता. आत्याबाईंच्या सांगण्याप्रमाणे ते जांभळे होते.

पुतण्या बिचारा खजील झाला. "काका, मी काही केलं नाही हो, ते आपोआप करतं," असे तो दूरध्वनीवर पुनःपुन्हा सांगत होता. त्याचे म्हणणे खरेच होते. त्या 'आपोआप' या शब्दाने मात्र आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. कॅमेरा आपोआप काय काय करतो, हे समजून घेण्याच्या नादात आमची दिवाळीची सुटी गेली. जे हाती लागले त्यातील काही या सदरातून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पूर्वीच्या कॅमेऱ्यात फिल्म असे, प्रकाशाने तिच्यावरील चांदीचे क्षार बदलत आणि चित्र उमटे. आताच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकनची एक चकती असते. या कल्पनेचा पाया १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी घातला. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने अशा चकतीचा पहिला हातात धरण्याजोगा कॅमेरा जुळविला. वजन साडेतीन किलोंहून अधिक, चित्रात ठिपके अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास तेवीस सेकंद. आज खिशातल्या मोबाइलच्या चित्रात कोट्यवधी ठिपके असतात.

ही चकती म्हणजे अंगणात ओळीने मांडून ठेवलेल्या वाट्या समजाव्यात. पाऊस पडतो तसा प्रकाश पडतो आणि कोणत्या वाटीत किती साचले हे यंत्र मोजते. परंतु वाटीला पाण्याचा रंग कळत नाही, फक्त प्रमाण कळते. म्हणून प्रत्येक वाटीवर रंगीत काचेचे झाकण बसवितात: निम्म्या वाट्यांवर हिरवे, पाव वाट्यांवर तांबडे, उरलेल्या पाव वाट्यांवर निळे. ही मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची, १९७६ सालच्या पेटंटातील. म्हणजे प्रत्येक ठिपक्यापाशी तीन रंगांपैकी एकच रंग प्रत्यक्ष मोजला जातो. उरलेले दोन शेजारच्या वाट्यांवरून अदमासाने भरले जातात. अशा मांडणीच्या कॅमेऱ्यातून निघणाऱ्या रंगीत चित्रातील दोन-तृतीयांश रंगमाहिती अशी अंदाजाची असते, हे वाचून आम्ही थक्क झालो.

तथापि हा अंदाज प्रामाणिक आहे. शेजाऱ्याकडे किती पाऊस झाला हे विचारून आपल्याकडचा सांगावा, तसा तो आहे. मोबाइलचे भिंग लहान, वाट्या त्याहून लहान. सांजवेळी त्यांत प्रकाश पुरेसा साचत नाही. म्हणून अलीकडचे मोबाइल एकदा बटण दाबले की लागोपाठ अनेक चित्रे घेतात, ती एकमेकांवर बसवितात आणि त्यांतून एक स्वच्छ चित्र काढतात. २०१८ च्या सुमारास ही रात्रीची छायाचित्रणकला एकदम पुढे गेली. गणपतीच्या आरतीचा निरांजनाच्या उजेडातला फोटो आज स्वच्छ निघतो, तो या युक्तीमुळे. इथपर्यंत आमची काही तक्रार नाही. किंबहुना आम्ही या करामतीचे चाहते आहोत.

पंचाईत त्यापुढे आहे. यंत्राला लाखो चेहरे, झाडे, अक्षरे दाखवून शिकविलेले असते. जेथे शेजारच्या वाट्याही रिकाम्या असतात, तेथे ते आपल्या आठवणीतून भर घालते. हा शेजाऱ्याला विचारून केलेला अंदाज नव्हे. दुसऱ्याच्या घरी पाहिलेले आपल्याही घरी आहे असे ठोकून देण्याचा हा प्रकार आहे. मार्च २०२३ मध्ये एका हौशी माणसाने याची मौजेची परीक्षा घेतली. त्याने चंद्राचे एक चित्र मुद्दाम धूसर केले, त्यातील सर्व विवर-डाग घालविले, ते संगणकाच्या पडद्यावर लावले आणि अंधाऱ्या खोलीच्या दुसऱ्या टोकावरून एका नामांकित कोरियन कंपनीच्या मोबाइलने त्याचा फोटो काढला. फोटोत विवरे व डाग स्वच्छ उमटले! जे समोर नव्हतेच, ते आले कोठून? चंद्र ओळखून त्याचा तपशील सुधारण्याची योजना मोबाइलमध्ये आहे, असे त्या कंपनीनेही सांगितले. कोजागरीला गच्चीवरून चंद्राचे फोटो काढून नातेवाइकांस पाठविणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

आमच्या शाळेतही याचा एक मासला पाहावयास मिळाला. सातवीच्या निरोप समारंभाचा फोटो एका शिक्षकांच्या मोबाइलवर काढला. त्यात 'सौंदर्य' वाढविणारी काही कळ चालू राहिली होती. पोरे उन्हातान्हात रापलेली; फोटोत ती सारी एकजात गोरीमोरी झाली, आणि फोटो पाहून खूशही झाली. एक मुलगा मात्र रुसला. चिंचेवरून पडल्याची त्याच्या कपाळावरची खोक फोटोत नव्हती, आणि ती खोक म्हणजे त्याचे शौर्यपदक होते.

येथे कोणी वाचक म्हणेल, छायाचित्रात फेरफार काय आजचे आहेत? आक्षेप रास्त आहे. आपल्या निजामी मुलखाला छायाचित्रकलेची मोठी परंपरा आहे. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी छायाचित्रगृह काढले आणि तेथे एक इंग्रज बाई नेमली, हे प्रसिद्ध आहे. त्या जमान्यातले कसबी कारागीर काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून सुरकुत्या मिटवीत, कागदावर हाताने रंग भरीत. माणिकनगरच्या आमच्या छायाचित्रकाराने तर आजोबांना संगमरवरी जिन्यापुढे बसविले होते.

परंतु तो जिना कोणाला फसवीत नव्हता. पडद्याला मध्येच चुणी पडली आहे, त्याची खालची कड जमिनीपासून वीतभर वर लोंबते आहे आणि त्याखालून जत्रेतली धूळ दिसते आहे. हाताने भरलेला रंग कडेबाहेर ओघळे, पेन्सिलची रेघ भिंगाखाली ओळखू येई. जुन्या खोटेपणाला शिवण असे आणि ती शोधणाऱ्यास सापडे. पुतण्याच्या भिंतीवरच्या चित्रात आम्ही भिंग लावून पाहिले, आम्हांस शिवण सापडली नाही. आत्याबाई नसत्या, तर ती तुकतुकीत अनोळखी बाई आमची आजी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हार घेत राहिली असती.

आणि चेहऱ्यावरच हे थांबत नाही. आपल्यासारख्या घरांतून जुने मोडी कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात. १९४८ साली निजामी गेली, १९५६ साली जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर एका राज्यात आणि भालकी, औराद, हुमनाबाद दुसऱ्या राज्यात गेले. सरकारी भाषा तर उर्दूवरून कन्नडवर आली. या साऱ्या उलथापालथीत आपण येथे केव्हापासून आहोत, हे सांगणारे पुष्कळ घरांत हे कागदच काय ते उरले.

आमच्या भाऊबंदांत एका सामाईक विहिरीच्या पाण्याचा जुना हिशेब आहे. दोन वर्षांपूर्वी मोटारपंपाच्या पाळीवरून बोलाचाली झाली, तेव्हा एका चुलतभावाने गावाकडच्या पेटीतील मोडी कागदाचा मोबाइलवर फोटो काढून आम्हांस वाचण्यास पाठविला. आम्ही मोडी वाचतो, असा आमचा लौकिक आहे. फोटोत कागद पांढराशुभ्र, अक्षर काळेभोर, जणू कालच लिहिलेले. थोरल्या पातीच्या हिश्शापुढे दोन उभ्या रेघा होत्या. जुन्या आणेवारीत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आम्ही बेधडक कळविले: निम्मे पाणी.

त्यावरून जे वादंग माजले त्याचे वर्णन करीत नाही. अखेर आम्ही स्वतः गावी गेलो आणि मूळ कागद दाराशी उन्हात तिरपा धरला. तिसरी रेघ होती. शाई उडून तपकिरी झालेली, पण बोरूची खूण कागदावर उमटलेली होती. चुलतभावाने कागदपत्रांसाठी असलेली मोबाइलमधील सोय वापरली होती. ती सोय ठरावीक मर्यादेहून फिकट असेल ते सारे पांढरे करते आणि गडद असेल ते काळे करते. फिकट रेघ पांढऱ्यात गेली, आणि पाऊण पाणी निम्मे झाले. चुलतभावाच्या मनात कपट नव्हते, आमच्याही नव्हते. तरी त्या आठ दिवसांत जे शब्द बोलले गेले ते परत घेता आले नाहीत. थोरल्या पातीची वहिनी अजून आम्हांस चहा विचारते, पण जेवून जा म्हणत नाही.

आता ज्या नव्या शोधाविषयी लिहावयाचे म्हणून लेखणी उचलली, त्याकडे वळतो. तो शोध चित्र अधिक सुंदर करणारा नाही, म्हणून जाहिरातींत त्याचा गाजावाजा कमी आहे. तो चित्रावर शिक्का मारणारा आहे.

मराठी वाचकांस ही कल्पना नवी वाटू नये. शिवकालात व पेशवाईत राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपतो तेथे मोर्तब. शिवछत्रपतींच्या मोर्तबाच्या छोट्या मुद्रेचा अर्थच असा, की ही मर्यादा शोभते आहे. म्हणजे लेखनाची सीमा येथे झाली. त्याखाली कोणी एक ओळ वाढविली तर ती बनावट हे उघड होई. कागद जोडून लांबविलेला असेल तर सांध्यांवरही मोहर उठवीत, मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आजही वापरतो.

२०२१ साली अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदी संस्थांनी एकत्र येऊन डिजिटल चित्रासाठी अशाच मोर्तबाचे नियम बांधावयास घेतले. त्यांच्या संघटनेचे आद्याक्षरी नाव सीटूपीए. ऑक्टोबर २०२३ मध्ये जर्मनीच्या लायका कंपनीने एम-११-पी हा कॅमेरा काढला. हे मोर्तब अंगीच असलेला तो पहिला कॅमेरा. तो मास्तरकीच्या पगारात बसणारा नव्हे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल-१० या मोबाइलमध्ये ही सोय आली, आणि त्याच्या कॅमेऱ्याने काढलेल्या प्रत्येक फोटोला मोर्तब आपोआप होऊ लागले. 'आपोआप' हा शब्द या वेळी आमच्या कानास गोड लागला.

याची रीत थोडक्यात अशी. फोटो निघताच यंत्र त्यातील यच्चयावत ठिपक्यांवर एक गणित करते आणि त्यातून एक ठराविक लांबीचा आकडा काढते. तो त्या चित्राचा जणू अंगठ्याचा ठसा. कोट्यवधी ठिपक्यांपैकी एकाची छटा बदलली तरी आकडा पार वेगळा येतो. मग कॅमेऱ्यात बंदिस्त असलेल्या गुप्त किल्लीने त्या आकड्यावर सही होते. गुप्त किल्लीची एक जाहीर जोडीदारीण असते. तिच्या साहाय्याने कोणालाही सही पडताळता येते, पण सही करता मात्र येत नाही. पुढे कोणी चित्र कापले, उजळले, त्यात यंत्राकडून भर घालविली, आणि ज्या साधनाने हे केले ते नियम पाळणारे असेल, तर तीही नोंद सहीनिशी मागे जोडली जाते. सातबाऱ्यावर जसे फेरफार चढतात तसे चित्रावर चढतात. पुतण्याच्या चित्राला असा उतारा असता, तर 'गालांवरचे डाग यंत्राने काढले, लुगड्यास रंग यंत्राने दिला' हे शोधण्यासाठी आत्याबाईंच्या आठवणीवर विसंबावे लागले नसते. आमच्या लेखी या शोधाचे मोल हे आहे. शिवण पुन्हा दिसू लागते.

आम्ही या बातमीने हरखलो, हे कबूल करतो. परंतु जन्म शाळेत गेल्यामुळे उत्तरपत्रिका दोनदा तपासण्याची खोड आहे.

पहिली गोष्ट, मोर्तब हे चित्राच्या अस्सलपणाचे आहे, प्रसंगाच्या नव्हे. पडद्यावरच्या हंसांचा फोटो मोर्तबाच्या कॅमेऱ्याने काढला तर मोर्तब खरेच होईल. हंस खरे होणार नाहीत. दुसरी, शिक्के पूर्वीही चोरले जात आणि आजही जातात. निकॉन कंपनीने झेड-६-३ या कॅमेऱ्यास ही सोय दिली. त्यात दोन चित्रे एकमेकांवर घेण्याच्या युक्तीने मोर्तब नसलेल्या चित्रावरही सही उमटविता येते, असे सप्टेंबर २०२५ मध्ये उघडकीस आले. कंपनीला ती सेवा थांबवून दिलेली प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. आपल्या इतिहासात सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पुणे दरबारास किती वर्षे घोर लावला! १७७६ साली त्याचा शेवट होईतो कित्येक शहाणी माणसे त्याला भाऊसाहेब मानीत होती.

तिसरी अडचण आम्हांस सर्वांत मोठी वाटते, आणि ती सांगण्यासाठी वाचकांना भीमेकाठी न्यावे लागेल.

कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नती येथील चंद्रलांबा ही वाचकांपैकी अनेकांची कुलदेवता असेल. १९८६ साली तेथील कालीमंदिराचे छत कोसळले, मूर्ती भंगली, आणि मूर्तीच्या बैठकीचा दगड हा सम्राट अशोकाच्या आज्ञा कोरलेला शिलालेख आहे असे आढळले. तेथून जवळच कनगनहळ्ळी येथे पुढे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले आणि एका भग्न स्तूपाचे शिल्पपट बाहेर आले. त्यांपैकी एकावर राजा, राणी व सेवक कोरलेले आहेत. राजा कोणता, यावर पंडितांना पोथ्या लिहिता आल्या असत्या. पण शिल्पकाराने त्याच दगडावर ब्राह्मी अक्षरांत लिहून ठेवले आहे, 'राया असोको'. अशोकाचे नाव कोरलेले असे शिल्प म्हणून ते जगभर प्रसिद्ध आहे. आम्ही मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. उन्हात उभे राहून पोरांनी एकेक अक्षर बोटाने हवेत गिरविले.

सांगावयाचे ते हे, की नाव आणि मूर्ती एकाच दगडात आहेत. दगड फुटला, पडला, मातीखाली गेला, तरी नाव मूर्तीला सोडून गेले नाही. आजचे डिजिटल मोर्तब चित्राच्या ठिपक्यांत नसते, चित्राच्या फाइलीला चिकटलेले असते. फोटो एका मोबाइलवरून दुसऱ्यावर, या गटातून त्या गटात धाडताना फाइल दाबून लहान केली जाते, आणि त्या धांदलीत ही नोंद बहुधा गळून पडते. आपल्या घरांत फोटो फिरतात ते नेमके याच वाटेने. पडद्यावरचा फोटो पुन्हा टिपला, तरी मूळ नोंद मागे राहते. ती गळू नये म्हणून पडताळणीच्या अदृश्य खुणा ठिपक्यांतच विणण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते साधेल तेव्हा आम्ही या शोधास पैकीच्या पैकी गुण देऊ. तूर्त प्रथम वर्ग.

तोवर घरोघरी काय करावे, असे विचारणाऱ्यांस आमच्या अनुभवाचे दोन शब्द. जुना फोटो टिपताना तो शक्य तर काचेतून काढावा, खिडकीशी सावलीतल्या उजेडात ठेवावा, मोबाइलचा झोत वापरू नये. सौंदर्याची कळ बंद आहे ना, हे पाहावे. मोडी कागदासाठी कागदपत्रांची सोय मुळीच वापरू नये. साधा रंगीत फोटो काढावा, आणि अक्षर फिकट असल्यास कागदावर एका बाजूने तिरपा उजेड पाडून दुसरा काढावा. पाठविताना फोटो म्हणून न पाठविता फाइल म्हणून पाठवावा, म्हणजे तो दाबला जात नाही. दुरुस्त केलेली प्रत खुशाल भिंतीवर लावावी, पण पहिली प्रत जशीच्या तशी दोन ठिकाणी जपावी. आणि मूळ फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, कोण, कोठे, केव्हा हे लिहून ठेवावे. या बाबतीत तो कनगनहळ्ळीचा कारागीर आपला गुरू आहे.

पुतण्याने त्या भिंतीवर आता नवे चित्र लावले आहे. डाग न पुसलेले, रंग न भरलेले, फक्त मोठे केलेले. पहिले चित्रही त्याने टाकलेले नाही. खाली 'रंग व चेहरा यंत्राने केलेला' अशी चिठ्ठी लावून आतल्या खोलीत ठेवले आहे. ते बरे केले, असे आम्हांस वाटते.

आमच्या मूळ छायाचित्राच्या पाठीवर काहीच लिहिलेले नव्हते. संक्रांतीस आत्याबाई आल्या, तेव्हा चौकट उघडली आणि पेन्सिल घेऊन आम्ही त्यांच्यापुढे बसलो. त्यांनी सांगावे, आम्ही लिहावे. आजोबांचे नाव, आजीचे सासरचे नाव, मग माहेरचे नाव, जे आम्हांस या वयात प्रथमच कळले. माणिकनगर, दत्तजयंती, १९५७. "देवीचे वण होते, लिही," त्या म्हणाल्या. "लहानपणी देवी आल्या होत्या तिला, बहीण गेली, ही वाचली. लुगडं जांभळं." आम्ही लिहिले.

"आणि मागचे हंस खोटे आहेत, हेही लिहू का?" आम्ही विचारले.

"ते कुणालाबी दिसतंय की," आत्याबाई म्हणाल्या.